दादाच्या पायातली कळ गेली!

आज दादाचं मणक्याचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली (एल४-एल५) गादी सरकून नस दाबली गेली होती. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत नुसती कळ. गोळ्या, फिजिओथेरपी सगळं मनापासून केलं. बहुतेकांना तेवढ्यावर आराम पडतो, त्याला नाही पडला. त्यात पायातली ताकद कमी होऊन चालताना चप्पल सुटायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता थांबायला नको.

पूर्ण भूल दिलीच नाही. जागा बधिर करून पालथं झोपवलं आणि बाजूने जेमतेम ८ मिलिमीटरच्या छेदातून नळी आत. सलाइनचा प्रवाह चालू ठेवून, पडद्यावर बघत नसेवर आलेला तुकडा चिमट्याने काढला. दादा सांगत होता, डॉक्टर मधूनमधून विचारायचे, "पायात कळ येतेय का?" नसेला धक्का लागला तर पेशंट लगेच सांगू शकतो. मला हे फार मोलाचं वाटलं.

संध्याकाळी वहिनीचा हात धरून तो बाथरूमपर्यंत चालत गेला. नस दाबल्यामुळे पायात आलेला बधिरपणा अजून आहे, त्याला वेळ लागेल.

एक कळकळीचं सांगणं: कंबरदुखीत लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि नातेवाईकांनो, भेटायला जरा उशिराने या. दादाला अजून फार वेळ बसायचं नाहीये.