पद्मिनीत टायमिंग बेल्ट टाकायचा म्हणता? थांबा जरा

बडोद्यात जुन्या गाड्यांचं वेड आधीपासूनच आहे, पण 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ती मोठी कॉन्कोर्स (जुन्या गाड्यांची सौंदर्यस्पर्धा) झाली ना, तेव्हापासून दांडिया बाजारात चहाच्या लारीवर उभी असलेली पोरंपण कार्ब्युरेटरच्या गप्पा मारायला लागलीत. आणि त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात सध्या एकच किडा वळवळतोय, इंजिनात क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जोडणारी चेन काढायची आणि तिच्या जागी रबरी टायमिंग बेल्ट टाकायचा. माझ्याकडे प्रीमिअर पद्मिनी (म्हणजे जुनी फियाट) आहे म्हणून मला दर चार दिवसांनी कोणीतरी विचारतं, काका बेल्ट कधी टाकताय. तर एकदा सविस्तर लिहूनच टाकतो, म्हणजे लिंक पाठवली की काम झालं.

हे खूळ आलं कुठून, तर जुन्या मिनीतून. म्हणजे अ‍ॅलेक इसिगोनिसची 1959 ची मूळ मिनी, आत्ताची बीएमडब्ल्यूवाली नाही. तिच्यात ए-सिरीज इंजिन, जे त्याआधी 1951 मध्ये ऑस्टिन ए-30 मध्ये आलं होतं 803 सीसीचं, मिनीत 848 चं झालं आणि पुढे 1275 पर्यंत वाढलं, आणि गंमत म्हणजे 2000 सालापर्यंत बनत राहिलं. इकडे आपली पद्मिनीपण साधारण त्याच सुमाराला संपली. ए-सिरीजमध्ये कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली, त्यावरून पुशरॉड (उभ्या दांड्या), वर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर, आणि क्रँक ते कॅम छोटीशी चेन. साध्या मिनीत एकपदरी, तिच्या स्पोर्टी मॉडेलमध्ये, कूपर एस मध्ये, दुपदरी. तिकडे परदेशात त्या इंजिनाला बेल्ट किट तयार मिळतं, दोन पुल्या, रुंद दातेरी पट्टा, मागची प्लेट, ऑइल सील, सगळं डब्यात. माझ्या मावसभावाने तिकडे त्याच्या 1275 ला बसवलंय आणि मला व्हिडिओ पाठवून पाठवून भंडावून सोडलंय.

आता बेल्टला मी वाईट म्हणत नाहीये हां. मारुती 800 मध्ये कंपनीतूनच बेल्ट होता आणि अख्ख्या देशाने ती गाडी चालवली. पण मारुतीचा कॅम वर हेडमध्ये आहे, तिथपर्यंत चेन न्यायची तर लांबच लांब चेन, तिला गाइड, टेन्शनर, आवाज, वजन, सगळंच वाढतं. म्हणूनच तर इंजिनात बेल्ट आला. 1962 मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीने 1004 मध्ये, कारखान्यातून विकायला निघालेल्या गाडीत पहिल्यांदा, रबरी दातेरी पट्ट्यावर ओव्हरहेड कॅम फिरवला, मग 1966 मध्ये फियाटने त्यांच्या इंजिनिअर लाम्प्रेदीच्या ट्विन कॅम (दोन कॅमवाल्या) इंजिनाला तो लावला, 1969 च्या फियाट 128 पासून तर छोट्या गाड्यांमध्ये सर्रास झाला. बेल्ट लांब अंतरासाठी आला. आणि आपल्या पद्मिनीच्या पुशरॉडवाल्या इंजिनात क्रँक आणि कॅम शेजारी शेजारी बसलेत, वीतभर चेन, तीपण बंद कव्हरमध्ये तेलात भिजलेली. तिला लांबीचा त्रासच नाही.

मग मिनीवाले का टाकतात? कारणं आहेत, आणि ती खरी आहेत. चेन झिजते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, पिना आणि बुश घासतात, प्रत्येक कडी केसभर सैल होते आणि सगळ्या मिळून चेन लांब होते, जुन्या सायकलच्या चेनसारखी. क्रँक पुढे जातो आणि कॅम मागे रेंगाळतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा बंद होतात, आणि गाडी खालच्या स्पीडला मेल्यासारखी वाटते. लोक मग कार्ब्युरेटर खोलतात, प्लग बदलतात, पेट्रोलपंपवाल्याला शिव्या देतात. दुसरं म्हणजे प्रत्येक फायरिंगला क्रँक झटका देऊन फिरतो, ते झटके चेन जसेच्या तसे कॅमला देते, आणि या जातीच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरपण कॅमवरूनच फिरतो त्यामुळे स्पार्कपण इकडे तिकडे नाचतो. रबर ते झटके खातं. रेसचं इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर फिरवणाऱ्याला हे कळतं, आपल्याला अलकापुरीच्या सिग्नलवर नाही कळत.

पण खरी मजा आहे ती व्हर्नियर पुलीत. कॅमची पुली दोन भागांत असते, मधले बोल्ट सैल करायचे, एक-दोन डिग्री पुढे-मागे सरकवायचं, परत घट्ट. मिनीत इंजिन आडवं, रेडिएटर बाजूला विंगजवळ, आणि टायमिंगची बाजू नेमकी त्या रेडिएटरकडे. चेनवर टायमिंग बदलायचं तर रेडिएटर काढा, पुली काढा, कव्हर काढा, आणि नवीन गास्केट टाकून सगळं परत लावा, की परत तेल गळायला लागतं. बेल्टवाल्याला फक्त पान्याची गरज. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी लावून दहा वेळा सेटिंग बदलणाऱ्याला ही चैन आहे (चेन नाही, चैन 😄). एक मात्र लोक विसरतात, कॅम दोन डिग्री पुढे केला की डिस्ट्रिब्युटरपण त्याच्याबरोबर पुढे गेला, म्हणजे इग्निशन परत सेट करायचं. नाही केलं तर इंजिन आतून ठकठक वाजायला लागतं (नॉकिंग) आणि दोष बेल्टला.

थोडक्यात बेल्टचं जे कौतुक होतं त्यातलं बारा आणे कौतुक त्या पुलीचं आहे, आणि तेच काम ऑफसेट चावी करते. स्प्रॉकेट आणि शाफ्टच्या मध्ये जी अर्धचंद्राकृती चावी बसते ना, ती पायरीवाली बनवायची, वरचा अर्धा भाग जरा सरकलेला, की स्प्रॉकेट तेवढ्या डिग्री फिरून बसतं. ए-सिरीजसाठी त्या वेगवेगळ्या डिग्रीच्या मिळतात. फियाटची कुठे शोधत बसणार, पण इथल्या औद्योगिक वसाहतीत, मकरपुरा जीआयडीसीत, चांगला मिस्त्री असेल तर चांगल्या स्टीलमधून काढून देईल. मी एकाला बेल्टचं ड्रॉइंग दाखवलं, तो चष्मा वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, चेइनमां शुं वांधो छे?" मला उत्तर देता आलं नाही, कारण वांधो काहीच नव्हता.

आता पद्मिनीवर बेल्ट खरंच टाकायचा म्हटलं तर काय काय करावं लागेल ते ऐका. चेन तेलात चालते, बेल्ट कोरडा पाहिजे, तेल लागलं की रबर फुगतं आणि दाते सोलून निघतात. म्हणजे क्रँकच्या नाकाला आणि कॅमच्या तोंडाला दोन्हीकडे सील लागणार, आणि कॅमच्या त्या टोकाला सीलसाठी जागाच नाही, कारण कंपनीने ती बाजू तेलातच ठेवली होती. प्लेट मशीन करा, शाफ्टच्या सेंटरला अगदी बरोबर धरून, नाहीतर सील महिन्याभरात गळणार आणि थेट बेल्टवरच. मग रुंदी. क्रँकची पुली छोटी, कॅमची तिच्या दुप्पट दात्यांची असणारच कारण कॅम निम्म्या वेगाने फिरतो, छोट्या पुलीवर दाते कमी पकडतात म्हणून पट्टा रुंद घ्यावा लागतो. रुंद पट्टा म्हणजे पुढची फॅनबेल्टची पुली पुढे सरकली, म्हणजे वॉटर पंप आणि डायनमोच्या लाइनीत राहिली नाही, म्हणजे तेही सरकवा. आणि पुढे हँडल मारायचा तो नट, त्याचं काय? एक गोष्ट हलवली की चार हलतात. मिनीच्या बऱ्याच इंजिनांना टायमिंग कव्हरवरच ब्रीदर आहे, कव्हर गेलं की तोही गेला, इंजिनाने श्वास घ्यायचा कुठून ते वेगळं बघायचं. भावाने तिथेच दोन रविवार घालवले.

आणि धूळ. तिकडे बरेच लोक बेल्ट उघडाच ठेवतात, छान दिसतो म्हणून, निळ्या पुल्या वगैरे. इथे मे महिन्यातली धूळ, वर पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा बुडालेल्या गाड्यांचं तर सोडाच, पण पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर जो चिखल वाळला, तो आठवडे उडत होता. दातेरी पट्ट्यात एक खडी गेली की दाता उडाला. पूर्ण बंद कव्हर केलंत तरच विषय काढा.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चेन जायच्या आधी बोंब मारते. सकाळी थंड इंजिनावर पुढून खुळखुळ ऐकू येते, टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) लावला की पुलीवरची खूण नाचते, तुम्ही दुर्लक्ष केलंत तरी वर्षभर बोंबलत राहील. बेल्ट गप्प असतो आणि एक दिवस जातो. ए-सिरीजमध्ये तर ऑइल पंपपण कॅमच्या मागच्या टोकावरून चालतो, म्हणजे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह, स्पार्क आणि तेल तिन्ही एकदम बंद. वर्षाला हजारभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीत किलोमीटर बघून बेल्ट बदलायचा नसतो, वर्षं बघून बदलायचा असतो, कारण रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. हे किती जण पाळतील? आपण फॅनबेल्टपण तुटेपर्यंत वापरतो.

तरी कोणी टाकलाच तर दोन गोष्टी. पट्टा घडी घालून खिशात कोंबायचा नाही, आतल्या काचतंतूच्या दोऱ्या मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. आणि ताण अंदाजाने देऊ नका, किटवाल्याने सांगितलंय तेवढाच द्या. चिमटीत धरून नव्वद डिग्री पिळून बघायची पद्धत आहे ती लांब पट्ट्याची, इथे दोन पुल्यांच्या मध्ये बोटं घालायलाच जागा नसते.

माझ्या गाडीचं क्रँकचं सील तसंही गळतंय, कव्हर उघडायचंच आहे. नवीन चेन, दोन्ही स्प्रॉकेट नवीन, कारण जुन्या दात्यांवर नवी चेन घातली की तीपण लवकर जाते, आणि डिग्री व्हील आणि डायल गेज लावून कॅम कुठे बसतोय ते मोजणार. एक-दोन डिग्री मागे निघाला तर चावी. मिस्त्रीला दिवाळीनंतरची तारीख दिलीये, त्याने हो म्हटलंय, म्हणजे संक्रांतीपर्यंत होईल.