लिव्हर रायफलीची घासलेली माशी

2024च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता संपली, ठाण्यात जमा असलेली परवान्याची हत्यारे मालकांना परत मिळाली आणि बेळगावातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात गंजक्या नळ्यांची रांग लागली. त्यात खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची, आजोबांच्या वेळची विंचेस्टर लिव्हर रायफल होती, म्हणजे घोड्याजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची. "ठाण्यात कुणीतरी पाडली असणार, गोळी उजवीकडं जायलीय," अशी मालकाची तक्रार होती. सोबतचे त्याचे मामा पलटणीतून निवृत्त झालेले, आणि त्यांनी घरीच इलाज करून पाहिला होता.

"पलटणीत आम्ही अशीच झिरो करायचो की," मामा म्हणाले; झिरो करणे म्हणजे नेम आणि गोळीचा मार जुळवणे. फौजेतल्या जुन्या 303 बोल्ट रायफलीत पुढची माशी, म्हणजे नळीच्या तोंडावरचा नेमाचा उंचवटा, सरकवतात आणि ती गोळी जिकडे जाते तिकडेच न्यावी लागते. या रायफलीत मात्र मागची खाच, म्हणजे जिच्यातून माशी पाहून नेम धरतात ती, सरकवायची असते आणि ती गोळी जिकडे हवी तिकडे. मामांनी लोखंडी हातोडीने खाच उजवीकडे ठोकली. गोळी थोडी वरही लागत होती, म्हणून माशी कानशीने घासून बुटकी केली. माशी बुटकी झाली की नळीचे तोंड उचलले जाते आणि गोळी आणखी वर जाते. फौजी माणसाला चूक सांगणे फार अवघड, आणि घासलेले लोखंड परत येत नाही ते वेगळेच.

बोल्ट रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा दांडा, काढून नळीतून थेट लक्ष्य पाहता येते. या बनावटीत मागची बाजू बंद असल्यामुळे ती सोय नाही. म्हणून नेम तपासायला परवानगीच्या जागी वाळूच्या पिशवीवर टेकवून गोळ्याच झाडाव्या लागतात, आणि या बोअरची काडतुसे मिळता मिळत नाहीत. 50 मीटरवर गोळ्या 18 सेंमी उजवीकडे आणि 10 सेंमी वर लागल्या. माशी आणि खाच यांच्यातले अंतर 43 सेंमी भरले; त्या हिशेबाने खाच दीड मिलिमीटर डावीकडे जायला हवी होती. खाच वर-खाली करणारी पायऱ्यांची पट्टी आधीच सर्वांत खालच्या पायरीवर असल्याने नवी माशी जुनीपेक्षा एक मिलिमीटर उंच घडवली आणि जागेवर बसवून थोडी थोडी घासत आणली. खाच पितळी सुंब्याने (ठोकायच्या दांड्याने), हलक्या ठोक्यांनी डावीकडे सरकवली.

माझे मन अडकले आहे ते दुसऱ्याच गोष्टीत. खाचेच्या डाव्या कडेला, जिथे ती वर्षानुवर्षे बसलेली होती, तिथे न गंजलेल्या पोलादाची निळसर पट्टी उघडी पडली होती आणि ती जेमतेम एक मिलिमीटर रुंद होती. खाचेचा एक मिलिमीटर म्हणजे 50 मीटरवर साडेअकरा सेंमी; तेवढे मामांच्या हातोडीचे. उरलेले साडेसहा कुणाचे? रायफल पडली असती तर माशीच्या बाजूंवर किंवा नळीच्या तोंडावर ओरखडा दिसला असता, आणि तसा एकही नव्हता. माझा संशय लाकडावर आहे. या रायफलीत नळी, तिच्याखालची काडतुसांची नळी आणि पुढचे लाकूड कड्यांनी एकत्र आवळलेले असते. खानापूरच्या पावसात ते लाकूड फुगले की नळीवर दाब येतो आणि गोळी लागायची जागा सरकते. ठाण्याला शिव्या घालणे सोपे, पण पुरावा त्या बाजूचा नाही.

मालकाला हे पटले नाही आणि मामांनी तर विषयच बदलला. सध्या गोळी मध्यावर लागते; पण लाकूड सुकल्यावर ती डावीकडे गेली, तर खाच अर्धा मिलिमीटर परत उजवीकडे, मामांनी ठोकण्यापूर्वीच्या जागी आणावी लागेल, म्हणून त्या जुन्या जागेवर मी नळीवर बारीक रेघ मारून ठेवली आहे आणि उन्हाळ्यात रायफल पुन्हा आणायला सांगितली आहे.