लघुदाब म्हणजे नेमका कोणता?

जुळे सोलापुरात घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढायचे ठरवले, तेव्हा वीजजोडणीला फार वेळ लागणार नाही असे मी धरून चाललो होतो. अर्ज, अनामत, मीटरची जागा हे सारे आठवडाभरात उरकले. अडले ते कॅमेऱ्याच्या बारा व्होल्टच्या तारांवर, आणि तेही पाच आठवडे.

तपासणीला आलेल्या अभियंत्यांबद्दल माझी तक्रार नाही. मेन स्विच बंद करून त्यांनी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे तारांचे आवरण तपासणारे यंत्र, लावला. रीडिंग एक मेगाओहमच्या बरेच वर आले, म्हणजे आवरण ठीक होते. निघता निघता त्यांनी दाराजवळच्या जंक्शन बॉक्सचे झाकण उघडले. दिव्यांच्या लाल-काळ्या तारा आणि कॅमेऱ्याची निळी लॅन केबल एकाच पाइपमधून एकमेकींत गुंतून बाहेर आल्या होत्या. "हे वेगळे करा, मग कळवा," एवढेच ते म्हणाले. कारणही रास्त होते. घरगुती वायरवर ११०० व्होल्ट छापलेले असते, लॅन केबलचे आवरण मात्र २३० व्होल्टच्या शेजारासाठी बनवलेले नसते. तार ओढताना आवरण खरचटले, तर तोच दाब, म्हणजे व्होल्टेज, कॅमेऱ्याच्या धातूच्या अंगापर्यंत पोहोचू शकतो आणि बारा व्होल्टच म्हणून आपण ते बिनधास्त हाताळतो.

दुसरा पाइप दोन दिवसांत बसला. मग वीज कार्यालयाने तसे पत्र मागितले, आणि खरा खोळंबा तिथे झाला. परवानाधारक ठेकेदार म्हणाले की कॅमेऱ्याचे काम त्यांनी केलेले नाही, मग सही कशी करायची? कॅमेरेवाल्याकडे वायरिंगचा परवानाच नव्हता. शेवटी मीच लिहून दिले, "लघुदाब वायरिंग स्वतंत्र पाइपमधून नेले आहे." खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, "अहो, तुमचे सगळेच वायरिंग लघुदाब आहे. उच्चदाब आहे कुठे तुमच्याकडे?" त्यांचे बरोबरच होते. वीजखात्याच्या भाषेत २३० व्होल्टही लघुदाब आणि तीन फेजचे ४०० व्होल्टही लघुदाबच. कॅमेरेवाले ज्याला लो व्होल्टेज म्हणतात, त्याला अर्जात रकानाच नाही. पुढचे पत्र 'अतिलघुदाब' लिहिल्यामुळे परत आले, त्यापुढचे ठेकेदाराची सही नसल्यामुळे. प्रत्येक खेपेला सात रस्त्याजवळच्या कार्यालयापर्यंत भर उन्हात चक्कर, आणि दुपारी गेले की "साहेब साइटवर आहेत" हे उत्तर ठरलेले. तेव्हा जायचे असेल तर सकाळीच जावे.

चौथे पत्र मी ठेकेदारांच्या वतीने लिहिले, त्यात दाबाचे नावच टाळले आणि आकडे लिहिले: "कॅमेऱ्याच्या १२ व्होल्ट डीसी तारा व लॅन केबल २३० व्होल्टच्या वायरिंगपासून वेगळ्या पाइपमध्ये आहेत, २३० व्होल्टच्या भागाची चाचणी मी केली आहे." आपल्यापुरतीच जबाबदारी आहे हे पाहून ठेकेदारांनी उभ्या उभ्या सही केली.

अर्थिंगचे सांगायचे राहिलेच. एप्रिलमध्ये आमच्याकडची काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात नियमित पाणी घालावे. ही तपासणीपुरती पळवाट नव्हे, खड्ड्यावरचे नरसाळे त्यासाठीच असते. गिलावा करण्याआधी पाइपांचे फोटोही काढून ठेवावेत. माझ्याकडे ते नव्हते, भिंतीतले पाइप कुठून गेलेत ते कळेना, म्हणून दुसरा पाइप भिंतीवरून उघडाच न्यावा लागला.

फेरतपासणीच्या दिवशी मी जंक्शन बॉक्सचे झाकण आधीच काढून ठेवले होते. अभियंत्यांनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी फक्त पत्र मागितले.