"दुपारी घरातच थांबा" हे नक्की कुणाला सांगताय?

दरवर्षी मार्च आला की मोबाईलवर तेच मेसेज सुरू होतात, 12 ते 4 बाहेर पडू नका, घरात थांबा, भरपूर पाणी प्या. सल्ला चुकीचा नाहीये, पण तो गृहीत धरतो की घर बाहेरपेक्षा थंड आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी तासभर बसून बघा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तिथंच राहतात, माळ्यावर, डोक्यापासून हातभर अंतरावर पत्रा. उन्हाळ्यात रात्री लेकरं झोपतच नाहीत म्हणतात, पंखा लावला तर तो वरची गरम हवाच खाली ढकलतो.

आपण बातम्यांत ऐकतो ते कुलाबा-सांताक्रूझचं तापमान. ते मोजतात मोकळ्या जागी, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत. पत्र्याखालचं कोण मोजतंय? आणि हवामान खात्याचा नियम बघा, किनारपट्टीवर कमाल 37 किंवा त्याच्या वर आणि शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त गेलं तरच उष्णतेची लाट. "उष्ण रात्र" जाहीर करायला तर आधी दिवसाचं कमाल 40 लागतं, मुंबईत ते क्वचितच होतं. दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर रात्री उष्णता सोडत राहतं, हवेत दमटपणा एवढा की घाम वाळत नाही, आणि त्या रात्रीची "उष्ण रात्र" म्हणून कुठं नोंदच नाही! मलबार हिलला झाडं आहेत, एसी आहेत, त्या एसींची गरम हवा बाहेर गल्लीतच येते ना. हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

अहमदाबादनं 2010 च्या मे मध्ये 46.8 अंश बघितलं, माणसं गेली, मग 2013 मध्ये हीट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे उन्हाळ्यात काय करायचं याचा शहराचा आराखडा, आणला आणि 2017 मध्ये वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवायला घेतली. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं, खोली काही अंशांनी उतरते, एवढं साधं आहे ते.

मावशींना मी सुचवलं तर म्हणाल्या, ताई, खोली भाड्याची आहे, पावसाळ्यात वर ताडपत्री टाकावी लागते, रंग मालक देणार का मी? म्हणून मला वाटतं हा खर्च महापालिकेनंच उचलावा, मालकाची परवानगीही तिनंच मिळवावी, आणि सुरुवात पत्र्याच्या माळ्यांपासून करावी.