नंबर बरोबर, तरी अक्षराला सावली

मराठी मजकुराची मुद्रितं तपासणं हा माझा धंदा. त्यात एका अनुस्वाराचे दोन दिसायला लागले की पोटावरच पाय. मला ‘के’चा ‘कै’ दिसायचा. मात्रेच्या जरा खाली दुसरी, फिकट मात्रा. फॉन्ट मोठा केला की सावलीही मोठी व्हायची.

चष्म्याच्या दुकानात दर वेळी तेच ऐकायचो, ‘सिलिंड्रिकल नंबर थोडा वाढलाय.’ नवी काच यायची, चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. बोर्डावरची ६/९ची ओळ मी ओढूनताणून वाचायचो, त्यामुळे समोरच्याचं समाधान व्हायचं. वाचता येणं आणि स्वच्छ दिसणं यात फरक असतो, हे सांगितलं की उत्तर ठरलेलं: सवय होईल.

शेवटी मी घरीच एक उद्योग केला. काळ्या स्क्रीनवर एकच पांढरा ठिपका ठेवला, एकेक डोळा झाकून पाहिलं आणि जसं दिसलं तसं कागदावर काढलं. डावा डोळा ठीकठाक. उजव्याला ठिपक्याखाली शेपूट आणि शेपटात आणखी दोन अंधुक ठिपके. दोन डोळ्यांचा मेळ बिघडल्यामुळे डबल दिसत असेल तर एक डोळा झाकल्यावर ते थांबतं. माझं थांबलं नाही, म्हणजे गडबड त्या एकाच डोळ्याच्या आत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो कागद नीट पाहिला. (तक्रार तोंडी सांगण्यापेक्षा काढून न्यावी, हे माझं ठाम मत.) त्यांनी डोळ्यासमोर पिनहोल धरलं आणि बोर्डावरची सावली जवळजवळ नाहीशी झाली. बारीक भोकामुळे कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या, छोट्याशा भागातूनच किरण आत जातात, त्यामुळे ओबडधोबड भाग वगळला जातो. ‘दोष मागच्या पडद्यात नसावा, कॉर्निया बघू,’ म्हणाल्या. मग विचारलं, ‘डोळे फार चोळता का हो?’ चोळायचो. लहानपणापासूनची अ‍ॅलर्जी.

टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणं. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, पापणी हलवायची नाही, एवढंच काम. कागदावर आला रंगीत नकाशा: मधोमध हिरवट, खाली लालभडक डाग. कॉर्नियाची वक्रता साधारण ४३-४४ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचंच एकक) असते, माझी त्या डागात ५१ होती. जाडी सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या (म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त) आसपास, माझी सर्वांत पातळ जागी ४६२. केराटोकोनस. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो.

चष्म्याचं कोडं इथे सुटलं. काच मुख्यतः दोनच गोष्टी दुरुस्त करते: सगळीकडे सारखा असलेला नंबर आणि एका अक्षावरचा सिलिंडर. माझा कॉर्निया वर एक, खाली भलताच. त्यातून जी विकृती येते तिला हायर ऑर्डर अ‍ॅबरेशन म्हणतात. फ्रिट्स झर्निके या डच भौतिकशास्त्रज्ञाने १९३४ साली मांडलेल्या बहुपदींनी (एक प्रकारच्या गणिती सूत्रांनी) तिची मोजदाद होते, आणि माझ्या शेपटाचं त्या यादीतलं नाव ‘कोमा’. नाव कळल्यावर का कोण जाणे, निम्मी चिंता गेली.

काही महिन्यांनी पुन्हा टोपोग्राफी केली, वक्रता वाढलेली निघाली. म्हणून सी३आर, कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार. सुन्न करणारे थेंब, वरचा पातळ थर खरवडून काढणं, मग अर्धा तास पिवळे रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब आणि त्यानंतर अतिनील प्रकाश. त्याने कॉर्नियातले कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट होतात. करताना दुखलं नाही, पण घरी गेल्यावर दोन-तीन दिवस डोळ्यांतून नुसत्या धारा. आणि हे आधीच नीट समजून घ्या: यानं दिसणं सुधारेल असं धरून चालायचं नाही, वाढ थांबावी यासाठी ते करतात.

दिसायला लागलं ते स्क्लेरल लेन्सने. ही मोठी, कडक लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला शिवत नाही. मधल्या पोकळीत सलाइन. कॉर्नियाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३७६, सलाइनचा सुमारे १.३३६, दोन्ही इतके जवळ की पुढचा ओबडधोबडपणा प्रकाशाला जवळपास जाणवतच नाही. मागचा पृष्ठभाग मात्र तसाच राहतो, म्हणून अंधारात किंचित शेपूट अजूनही आहे.

लेन्स घालणं हे वेगळंच प्रकरण. टेबलावर टॉवेल, मान पूर्ण खाली, सलाइनने काठोकाठ भरलेली लेन्स चूषकावर (लेन्स धरायच्या छोट्या रबरी साधनावर) उभी, आणि दोन बोटांनी पापण्या ताणून ती वर न्यायची. आत बुडबुडा राहिला की काढा, पुन्हा भरा. सुरुवातीला शर्ट रोज भिजायचा. दुपारनंतर लेन्स धुरकट होते, मग कामाच्या मध्येच काढून धुतो. पण ‘के’ आता ‘के’च दिसतो.

हा आजार काही घरांत एकाहून अधिक जणांना होतो, म्हणून डॉक्टरांनी धाकट्या भावाचीही टोपोग्राफी करायला सांगितली. नकाशा नॉर्मल आला. तरी त्याचा हात डोळ्याकडे गेला की आई स्वयंपाकघरातून ओरडते.