सिलेक्टिव्ह कोण आणि सिलेक्टेड कोण?

'आय वॉज सिलेक्टिव्ह इन द इंटरव्ह्यू' या वाक्याचा इंग्रजीत अर्थ होतो, 'मुलाखतीत मी फार पारखून घेत होतो.' लिहिणाऱ्याला मात्र सांगायचं असतं की माझी निवड झाली. घोटाळा आपल्या 'निवडक'मुळे होतो. मराठीत निवडक कविता, निवडक लेख, निवडक पाहुणे, म्हणजे जे निवडलं गेलं ते निवडक. 'सिलेक्टिव्ह' लागतं निवडणाऱ्याला. निवडक कविता 'सिलेक्टेड', त्या पारखून घेणारा संपादक 'सिलेक्टिव्ह'. नोकरी मिळाली तर तुम्ही सिलेक्टेड आणि शंभरातून दोघांनाच घेणारी कंपनी सिलेक्टिव्ह.

'सिलेक्ट' हेही विशेषण आहे: 'अ सिलेक्ट फ्यू', मोजकेच आणि वरच्या प्रतीचे. ते बहुधा नामाच्या आधीच येतं.

सिलेक्टिव्हनंतर सहसा 'अबाउट' येतं: 'शी इज सिलेक्टिव्ह अबाउट द वर्क शी टेक्स'. कृतीबद्दल बोलताना 'इन'ही चालतं: 'बी सिलेक्टिव्ह इन युअर रीडिंग'. 'ऑफ' मात्र नको.

छटा सांभाळणं जास्त अवघड. माणूस काम किंवा पुस्तकं पारखून घेत असेल तर सिलेक्टिव्ह म्हणणं आदराचं आहे. आपला 'चोखंदळ' इथे चपखल बसतो. 'पिकी' म्हटलं की तोच माणूस नाकं मुरडणारा ठरतो. पण जिथे सगळं सांगणं अपेक्षित होतं तिथे सोयीचं तेवढंच उचललं, तर सिलेक्टिव्ह हा थेट आरोप होतो. 'सिलेक्टिव्ह मेमरी' म्हणजे सोयीचं तेवढंच आठवणं. म्हणून 'युअर रिपोर्ट इज सिलेक्टिव्ह' असं साहेबांना कौतुक म्हणून लिहू नका.

या शब्दाचा नेमका अर्थ सर्वांत स्वच्छ दिसतो तो तणनाशकाच्या डब्यावर. तिथलं 'सिलेक्टिव्ह' म्हणजे 'खास निवडलेलं, भारी औषध' नव्हे. ते औषध स्वतः निवड करतं: काही वनस्पती मारतं, काहींना सोडतं. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानांची तणं मारतं; ऊस, ज्वारी, मका ही गवतवर्गीय पिकं शिफारशीच्या मात्रेत आणि योग्य वेळी दिलं तर तगतात. तेच सोयाबीनवर मारलं तर पीकच जाईल, कारण सोयाबीन स्वतः रुंद पानांचं. सोयाबीनसाठी इमॅझेथापायर असतं, तेही सिलेक्टिव्हच, पण त्याची निवड वेगळी. ग्लायफोसेट नॉन-सिलेक्टिव्ह, म्हणजे तण आणि साधं पीक असा भेद ते करत नाही. तेव्हा डब्यावर सिलेक्टिव्ह दिसलं की लगेच कोणत्या पिकासाठी ते वाचायचं. वाऱ्याचीही दिशा पाहायची: उसातल्या टू-फोर-डीचा फवारा उडून शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षबागेवर गेला तर पानं आकसतात, वेडीवाकडी होतात. कपाशी आणि द्राक्ष त्याच्या 'सोडून द्यायच्या' यादीत नाहीत.