डीम्ड कन्व्हेयन्स: आदेशानंतर फाइल जिथे अडते ते टेबल

मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करण्याचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) आदेश आला की अनेक सोसायट्यांना वाटतं, सुटलो. जमीन त्या दिवशीही बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर असते. आदेशानंतर फाइल मुद्रांक शुल्काच्या अभिनिर्णयाला जाते, म्हणजे दस्तावर किती शुल्क लागेल ते मुद्रांक कार्यालय ठरवतं, आणि आमची फाइल सगळ्यात जास्त तिथेच पडून राहिली. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी हक्काचं. महाराष्ट्रात 1963 च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे, म्हणजे ज्याला आपण मोफा म्हणतो त्याप्रमाणे, सोसायटी स्थापून देणं (कलम 10) आणि जमीन-इमारत तिच्या नावावर करून देणं (कलम 11) ही बिल्डरची जबाबदारी आहे. करारात मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. तरीही बिल्डर टाळतात, कारण शिल्लक एफएसआय (भूखंडावर बांधता येणारं चटईक्षेत्र) आणि टीडीआर (हस्तांतरित करता येणारा बांधकामाचा हक्क). सदनिकांचे पूर्ण पैसे घ्यायचे आणि खालची जमीन पुढच्या नफ्यासाठी धरून ठेवायची, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. 2008 च्या दुरुस्तीने बिल्डरच्या सहीशिवाय हस्तांतरणाची वाट काढली, ती म्हणूनच मोलाची.

हा आदेश देणाऱ्या सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडचा टप्पा कागद नीट असतील तर सरळ आहे. नमुना सातमधला अर्ज, दोन हजारांचा कोर्ट फी स्टँप, सर्वसाधारण सभेचा ठराव, सभासदांची यादी, करारनाम्यांच्या प्रती, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मंजूर नकाशा, जमिनीच्या मालकीचा शोध अहवाल, बिल्डरला पाठवलेली नोटीस. भोगवटा प्रमाणपत्र नसलं तरी स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करता येतो. जमीनमालक आणि बिल्डर वेगळे असतील तर दोघांनाही प्रतिवादी करा. मूळ मालक वारले असतील तर त्यांच्या वारसांनाही. निर्णयाला कायद्याने सहा महिन्यांची कमाल मर्यादा आहे, ती सुनावणीत लेखी आठवण करून द्यावी.

आता मुद्रांक कार्यालय. तत्त्व सोपं आहे: प्रत्येक सदनिकेच्या करारावर शुल्क पूर्वीच भरलं असेल, तर हस्तांतरणाच्या दस्तावर ते पुन्हा पूर्ण लागत नाही, नाममात्र लागतं. मात्र ते भरलं होतं हे प्रत्येक सदनिकेसाठी सिद्ध करावं लागतं. सगळं इथे अडतं.

लागतो तो बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेला करार. सभासद मात्र स्वतःचा खरेदीखताचा कागद आणून देतात. तीनदा विकल्या गेलेल्या घराचा तिसरा करार उपयोगाचा नाही. पहिला करार हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू (दस्ताच्या नोंदणीचा उतारा) आणि दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. दस्त क्रमांक माहीत नसेल तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष आणि गावानुसार शोधा. जुन्या वर्षांसाठी कार्यालयातच शोध घ्यावा लागतो. कर्ज काढलेलं असेल तर मूळ कागद बँकेत असतात. सभासदाने बँकेला वेळेत अर्ज केला नाही, तर एका घरापायी साऱ्या इमारतीची फाइल थांबते.

10 डिसेंबर 1985 ही तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर ताब्यासह सदनिकेचा करार हा खरेदीखतासारखाच शुल्कपात्र ठरला. त्यापुढचा एखादा करार कमी मुद्रांकावर असेल तर तुटीची रक्कम आणि दरमहा 2 टक्के दंड निघतो. दंडाला कमाल मर्यादा आहे, तरी जुन्या करारात तो मूळ तुटीपेक्षा मोठा होतो. शासनाने डिसेंबर 2023 पासून जुन्या दस्तांसाठी शुल्क-दंडात सवलत देणारी अभय योजना आणली होती. अशी योजना पुन्हा जाहीर झाली तर असे करार आधी तिच्यात नियमित करून घ्यावेत.

आम्हाला सगळ्यात जास्त त्रास झाला तो त्रुटी तुकड्यातुकड्यांनी काढण्याचा. आज दोन सदनिकांची पावती मागायची, ती दिली की पुढच्या वेळी दुकानांचा तपशील. पहिल्याच पत्रात सगळ्या त्रुटी एकत्र मागण्याचा अर्ज द्या आणि त्यावर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेली त्रुटी लिहून मागा. सदनिका क्रमांक, पहिला खरेदीदार, दस्त क्रमांक, वर्ष, क्षेत्र, भरलेलं शुल्क असा तक्ता करून प्रत्येक ओळीला प्रत जोडली, तेव्हा कुठे आमचं काम हललं.

शिल्लक एफएसआयवर वेगळं शुल्क काढतात. म्हणून वास्तुविशारदाच्या दाखल्यात वापरलेलं आणि शिल्लक चटईक्षेत्र स्पष्ट हवं. दाखला मोघम असेल तर अधिकारी स्वतःच्या हिशेबाने शिल्लक धरतात आणि आकडा फुगतो. बिल्डरकडे न विकलेली घरं असतील तर तीही वेगळी दाखवा.

क्षेत्राचं आधी सांगायला हवं होतं: प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा आणि अर्ज यांतलं भूखंडाचं क्षेत्र जुळलं पाहिजे. रस्तारुंदीत गेलेला भाग वजा करून दाखवा. सर्व्हे नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर दोन्ही आदेशात येऊ द्या, नाहीतर फेरफाराच्या वेळी नगर भूमापन कार्यालय फाइल परत करतं. एकाच लेआउटमध्ये अनेक इमारती असतील तर आपला हिस्सा चौरस मीटरमध्ये, आणि अंतर्गत रस्ते व मोकळ्या जागेतला अविभक्त वाटा स्वतंत्र मागा.

अभिनिर्णयानंतर दुय्यम निबंधक बिल्डरला म्हणणं मांडायला बोलावतात आणि मग दस्त नोंदवतात. तो हजर झाला नाही म्हणून नोंदणी अडत नाही. त्यानंतर लगेच प्रॉपर्टी कार्डावर नाव चढवण्याचा अर्ज करा. नोंदवलेला दस्त कपाटात ठेवून वर्षं घालवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत.

आणखी एक. जिल्हा उपनिबंधकांच्या आदेशाविरुद्ध बिल्डर उच्च न्यायालयात रिट करू शकतो, मालकीच्या वादासाठी दिवाणी दावाही लावू शकतो. आदेश मिळाल्यावर त्याच आठवड्यात उच्च न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा आगाऊ अर्ज, दाखल करा. ते 90 दिवस चालतं, संपण्याआधी पुन्हा भरावं लागतं.